साठ पांढरे झगे

शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर खैरुद्दीन खतीब सहकुटुंब येणार असा निरोप आला, तेव्हा हलिमा सांदणांचं पीठ घोटत होती. आनंद वगैरे नंतर. आधी तिच्या मनात आलं ते एवढंच, की आता तो फोटो ठेवायचा कुठे?

पंधरा दिवस ती त्या फोटोला घरभर फिरवत होती. आधी तो तांदळाच्या डब्यात होता, पण सासूबाई तांदूळ स्वतःच्या हाताने काढत. मग गादीखाली गेला, पण तिचा नवरा जहूर झोपेत इतका लोळे की फोटोची एक बाजू दुमडली. आखातातल्या देऱ्यात, नाइफ मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांत एक खोली माणसांची आणि दुसरी शिवणयंत्रांची, त्यात लपवायला जागा असणार कुठे? शेवटी तिने तो आपल्या पेटीत, लग्नातल्या साडीच्या घडीत ठेवला. तिथे कोणी हात घालत नसे. म्हणजे, तिची नऊ वर्षांची मुलगी सोडून कोणी नाही.

फोटो पाठवला होता यूनुसने. यूनुस म्हणजे तिचा धाकटा दीर. नऊ वर्षांपूर्वी बोटीवर भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या हाताखाली कांदे कापायला गेला, आणि लंडनच्या गोदीत शिडी उतरला तो वर चढलाच नाही. हर्णैच्या बंदरावर त्याचे वडील वाट बघत राहिले आणि पुढच्याच वर्षी गेले. यूनुस मातीला आला नाही. त्या दिवशी त्याच्या आईने, ताजबीने, सगळ्या गावासमोर सांगितलं होतं, "मला एकच मुलगा. जहूर." तेव्हापासून त्या घरात यूनुसचं नाव निघालं नव्हतं. देऱ्याला येऊन बिऱ्हाड थाटलं, दुकान चाललं, नात शाळेत जायला लागली, तरी नाही. शेजारणीने चुकून विचारलं तर ताजबी उठून पाण्याची घागर तपासायला जाई.

हलिमाला याचं फार वाईट वाटे. ती लग्न होऊन आली तेव्हा यूनुस अकरा वर्षांचा होता, आणि तिच्या पदराशी बसून घावणे खात असे. दीर कसला, तिने वाढवलेलं पहिलं पोरच ते.

मग गेल्या उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं. पत्रात हालहवाल दोन ओळी आणि माप एक पान. बारा पांढरे झगे हवेत. पायघोळ, गोल गळ्याचे, पुढून बटण नाही. 'माझ्या इथे तळमजल्यावर दर आठवड्याला माणसं जमतात. सगळी आफ्रिकेची, फार देवभोळी. बूट बाहेर काढून आत जातात, पांढरं नेसून कपाळ जमिनीला टेकतात. जागा मी मिळवून दिली. जहूरभाय अरबांचे पायघोळ कंदुरे शिवतो, त्याच्याएवढी सफाई इथं कुणाला नाही.'

हलिमाने ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यात तिची काही चूक नव्हती. चूक जहूरची होती, आणि जहूरची तरी कशी म्हणावी? देऱ्याच्या खाडीत आफ्रिकेहून जी माणसं येत ती झांजिबारची, मोम्बासाची. पडावातून उतरली की आधी नमाजसाठी हातपाय धुऊन वजू करत, मग माल मोजत. आफ्रिकेचा माणूस म्हणजे नमाजी, हे देऱ्यात पोरालाही माहीत. त्यात पांढरा पायघोळ झगा, त्यात बूट दाराबाहेर, त्यात कपाळ जमिनीला. जहूरने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाला, "अम्मा, यूनुसने लंडनमध्ये मशीद काढली!"

ताजबीने तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "यूनुसने?"

नऊ वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून निघालं होतं. हलिमाने तोंड फिरवलं आणि विझलेल्या चुलीवर उगाच फुंकत बसली.

त्यानंतर काय, उत्साहाला पूर आला. बारा झगे गेले. पुढल्या पत्रात साठांची मागणी आली, त्यातले चाळीस बायकांचे. हलिमाला तेव्हाच पहिली शंका आली, पण ताजबीकडे उत्तर तयार होतं. "आपण नमाजला पांढरी ओढणी घेतो ना? तिकडं थंडी आहे, तिथं ओढणीने कसं भागेल? शहाणा आहे माझा मुलगा." साठ निळे पट्टेही हवे होते. "थंडी," ताजबी म्हणाली. गळ्यांची आणि काठांची शिवण तिने स्वतः मागून घेतली. प्रत्येक झग्याचा पहिला टाका बिस्मिल्ला म्हणून, आणि झगा पुरा झाला की पैगंबरांवरचा दरूद पढून गळ्यातून आत एक फुंकर. साठ झगे, साठ फुंकरी. म्हातारीला दम लागे, पण एकही फुंकर तिने उद्यावर टाकली नाही.

आणि मग पंधरा दिवसांपूर्वी तिसरं पत्र आलं, फोटोसकट. त्यातला अर्धा भाग हलिमाने मोठ्याने वाचला आणि अर्धा गिळला.

"अहो," दुपारी जेवणं झाल्यावर तिने जहूरला शिवणाच्या खोलीत गाठलं. "एक सांगायचंय. ओरडू नका."

जहूर खतीबांसाठी ठेवणीतला कंदुरा इस्त्री करत होता. हलिमाने सांगितलं. इस्त्री जिथे होती तिथेच राहिली, आणि कंदुऱ्याच्या पाठीवर बोटीच्या आकाराचा तांबूस डाग पडला.

"चर्च?"

"हळू."

"साठच्या साठ?"

"एकाच चर्चसाठी साठ माणसं, अहो. साठ चर्चं नाहीत."

"अगो, आणि खतीब आज आपल्या मुलीचं, खैरुन्निसाचं स्थळ घेऊन येतोय! मशीद काढणारा जावई म्हणून येतोय!" जहूर स्टुलावर बसला. "तू मला हे कशाला सांगितलंस? माझ्या पोटात राहत नाही, तुला माहितीये. मला तोंड सांभाळता येत नाही."

"मग तोंड उघडूच नका. कोणी काही विचारलं तर इन्शाल्ला म्हणा."

नवऱ्याला दिलेला सल्ला तो इतक्या मनापासून पाळेल, हे तिला कुठे ठाऊक?

खैरुद्दीन खतीब आला तो हातात भलंमोठं खोकं घेऊन. बोटीच्या एजंटाच्या ऑफिसात तो कारकून होता, आणि देऱ्यातल्या कोकणी माणसांच्या जमातीचा अध्यक्षही. अध्यक्ष कोणी निवडलं, हे विचारायचं नसतं. मागून त्याची बायको मैमुनाबी आली, शांत, जाड काचेच्या चष्म्याची. तिने आत येताच चपला नीट जोडीने लावल्या, नवऱ्याच्यासुद्धा.

"बघा!" खतीबाने खोकं उघडलं. आतून लंबकाचं घड्याळ निघालं. खाली पितळी पट्टी, तिच्यावर कोरलेलं: *लंडन मशिदीस सप्रेम, खैरुद्दीन खतीब, अध्यक्ष*. "पंचावन्न रियाल! म्हणजे आपले ऐंशीच्या वर रुपये झाले. पण हे काम काय रुपयांत मोजायचं आहे? जहूर, बोल!"

"इन्शाल्ला," जहूर म्हणाला.

"मी ऑलरेडी रिपोर्ट पाठवलाय. गावच्या जमातीला एक, मुंबईच्या मासिकाला एक. हेडिंग दिलंय, 'देरा जमातीच्या मार्गदर्शनाखाली लंडनमध्ये मशीद.'"

"मार्गदर्शन कोणाचं?" मैमुनाबीने साधेपणाने विचारलं.

"कमिटीचं."

"कमिटीत कोण आहे?"

"आता तू सांदण खा," खतीब म्हणाला.

सांदणं उत्तम झाली होती. नारळ गावाहून पडावातून आलेले, दूध दाट. हलिमा वाढत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून सासूकडे बघत होती. ताजबीने आज हिरवं नऊवारी काढलं होतं. तिच्या मागे साठ झगे घडी करून रचले होते, हातभर उंच चार थर, आणि ती मधूनमधून एका थरावर हात ठेवी. इतकी खूश म्हातारी हलिमाने सासरे गेल्यापासून पाहिली नव्हती. मशीद गेली तर गेली, तिला मशिदीचं काय? पण मशिदीबरोबर यूनुसही पुन्हा जाणार होता. दरवाजा नऊ वर्षांनी इंचभर उघडला होता आणि त्याला टेकू होता तो एका गैरसमजाचा.

"तर ताजबी चाची," खतीबाने हात पुसले, "मुद्द्याचं बोलू. आमची खैरुन्निसा बावीसची झाली. आठवी शिकलीये. तुमचा यूनुस म्हणजे हिरा. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो."

हे धादांत खोटं होतं. तीन वर्षांपूर्वी हाच खतीब म्हणाला होता, की बोटीवरून पळणारा माणूस आणि फाटकं शीड सारखंच. ताजबीला ते आठवत असणार, पण तिने ते तोंडावर येऊ दिलं नाही. "खुदाची मर्जी," ती म्हणाली. "मुलगा घराबाहेर राहिला, पण खुदाच्या घराचा राहिला. मी रागावले होते. आईचा राग तो. आता काही नाही."

"खलास! मग राग खलास!" खतीबाने मांडीवर थाप मारली. "आता फक्त एकच. तो फोटो द्या."

हलिमा भरलेल्याच ताटलीत आणखी सांदण वाढायला लागली.

"कसला फोटो?" ताजबीने विचारलं.

"वा! लंडनहून आलेला! टपालाची पिशवी आमच्या ऑफिसवरूनच जाते. मी स्वतः लिफाफा पाहिला. वर लिहिलं होतं, 'फोटो आहे, दुमडू नये'. मासिकवाल्यांना फोटो लागतो. फोटोशिवाय रिपोर्ट म्हणजे मिठाशिवाय रस्सा."

"हलिमा? फोटो आला होता?"

"तो... हो, अम्मा. पण काळा आला. काही दिसत नाही त्यात. थंडीमुळे." सगळं थंडीवर ढकलायची त्या घराला एव्हाना सवयच लागली होती. "अहो, तुम्ही पाहिलात ना?"

"इन्शाल्ला," जहूर म्हणाला.

"पाहिलास की नाही?" खतीब चक्रावला.

"इन्शाल्ला पाहिला."

तेवढ्यात आतून त्यांची मुलगी जहांआरा आली. सकाळपासून ती 'कोणाला काही मदत हवीय का' अशा चेहऱ्याने फिरत होती, आणि अशी मुलं घराला फार महाग पडतात. तिच्या हातात फोटो होता.

"नो, मम्मी, इट्स नॉट ब्लॅक," ती म्हणाली. "इट वॉज इन युअर वेडिंग साडी. एक कोपरा दुमडलाय फक्त. आय कॅन सी एव्हरीबडी."

खतीबाने फोटो झडप घालून घेतला आणि खिडकीकडे धरला. "माशाल्ला! माशाल्ला! बघा पांढरे कपडे! आपलेच झगे! बघा, सगळे अनवाणी, रस्त्यावर बर्फ आणि पाय उघडे, हा ईमान बघा! दारावर बोर्डसुद्धा लावलाय इंग्रजीत. जहांआरा बेटी, चष्मा विसरलो, वाच बरं मोठ्याने. सगळ्यांना ऐकू दे."

"जहांआरा, आत जा," हलिमा म्हणाली.

पण वाचायला सांगितलं की वाचायचं, हे त्या मुलीला शाळेत पट्टीने शिकवलेलं होतं. ती ताठ उभी राहिली, दोन्ही हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "द मॉर्निंग फायर चर्च. ऑल आर वेलकम. प्लीज लीव्ह युअर शूज विथ मिस्टर यूनुस."

खतीबाने फोटो पुन्हा खिडकीकडे धरला.

"बोर्ड जुना असेल," खतीब हळूच म्हणाला. "आधीच्या लोकांचा."

"देअर इज ऑल्सो अ क्रॉस," जहांआरा म्हणाली. "मोठ्ठा. या मोठ्या बाईच्या हातात."

ताजबीने हात पुढे केला. फोटो तिच्या हातात गेला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग मांडीवर उपडा ठेवला.

"हलिमा. तुला ठाऊक होतं?"

"हो, अम्मा."

"किती दिवस?"

"पंधरा."

"पंधरा दिवस. पंधरा दिवसांत मी बावीस झगे फुंकले." ताजबीचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तू समोर बसून सुईत दोरा ओवून दिलास मला."

दोरा हलिमानेच ओवला होता.

इकडे खैरुद्दीन खतीबाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो चिडेल, पाय आपटेल, स्थळ परत घेऊन निघून जाईल, असं हलिमाने पंधरा दिवस मनात रंगवलं होतं. पण खतीबाचा रिपोर्ट मुंबईला पोचला होता. तो उठला, दरवाजा लावून घेतला, कडी घातली आणि कुजबुजला, "चाची, झाकली मूठ सव्वा लाखाची. जहूर, कातर आण."

"कातर?" इन्शाल्ला सोडून जहूरचा हा पहिला शब्द.

"वरून बोर्ड कातरायचा. बाईच्या हातातलं ते... तेही कातरायचं. हातासकट कातर, काही बिघडत नाही. उरतं काय? पांढऱ्या कपड्यांची, अनवाणी, देवाची माणसं. यात खोटं काय आहे? एक शब्द खोटा नाही!"

जहूर सवयीने उठला, कातर घेऊन आला, आणि खडूने फोटोवर रेघ मारायला वाकलासुद्धा. शिंपी तो. कापायचं म्हटलं की त्याचं डोकं बंद आणि हात सुरू.

"ठेव ती खाली," ताजबी म्हणाली. जहूरने ठेवली. "खतीब, मी नमाजी बाई आहे. मी मशीद नाही तिथे मशीद म्हणणार नाही. तुमचा रिपोर्ट तुम्ही निस्तरा. आणि तो..." तिने फोटोवर बोट ठेवलं, पण नाव घेतलं नाही. "मला एकच मुलगा आहे. ते झगे बांधून कोपऱ्यात टाका. हलिमा, चहा आण."

दरवाजा बंद झाला, हे हलिमाला अगदी ऐकू आल्यासारखं वाटलं. सतरा वर्षं ती या घरात होती. सासूने चहा आण म्हटलं आणि ती उठली नाही, असं एकदाही घडलं नव्हतं.

"नाही, अम्मा."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. जहूरने तर कातर पुन्हा उचलली, कशासाठी कोण जाणे.

"चहा नंतर. मी तुम्हाला पत्र अर्धं वाचून दाखवलं, तो माझा गुन्हा. आता उरलेलं अर्धं वाचते. ऐका आणि मग काय ते बोला." तिने कमरेची घडी सोडली. पत्र तिने अंगावरच ठेवलं होतं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाचायला लागली.

"'भाबी, हे चर्च आहे, तुझ्यापासून लपवत नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी मला न्यूमोनिया झाला. तेव्हा लिहिलं नाही, कुणाला लिहिणार? वरच्या मजल्यावर कम्फर्ट नावाची लागोसची बाई राहते, इस्पितळात नर्स आहे. तीन आठवडे तिने मला मिरीचं कालवण पाजलं. ताप उतरेना तेव्हा तिची माणसं पांढरं नेसून, अनवाणी माझ्या खोलीत आली आणि सबंध दिवस माझ्यासाठी दुआ मागत बसली. मी म्हटलं, बाई, मी मुसलमान आहे. ती म्हणाली, देवाला माहीत आहे, तू गप्प पड.'"

मैमुनाबी खुदकन हसली आणि तिने लगेच तोंडावर ओढणी घेतली.

"'ही माणसं गोऱ्यांच्या चर्चमध्ये जात, तर शेजारचे उठून दुसऱ्या बाकावर बसत. एका पाद्र्याने तर दारात हात मिळवून सांगितलं, आलात, बरं वाटलं, पुन्हा येऊ नका. मग ती आपलं आपण मांडायला लागली. कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या स्वयंपाकघरात. ढोल वाजवतात म्हणून घरमालक हाकलत. मी फर्निचरच्या गोदामाची राखण करतो, त्याच्या मालकाच्या पाया पडून तळमजला मिळवून दिला. बारा होती, साठ झाली. आमच्या भागात अशी आणखी तीन निघाली आहेत, एक तर बंद पडलेल्या सिनेमाघरात. रविवारी मी दाराशी बसून त्यांचे बूट राखतो, नाहीतर गल्लीतली पोरं पळवतात. माझी नमाज मी माझ्या खोलीत पढतो. अम्माला हे सांग, किंवा नको सांगू, तुला कळेल तसं कर. तिच्या हातची शिवण ओळखू येते मला, काठाचा टाका दुहेरी असतो. तिने शिवलेलं घरात आलं की बरं वाटतं. कुणाच्या अंगावर का असेना.'"

हलिमाने पत्राची घडी केली. आता काय व्हायचं ते होवो. जहूर उघड उघड रडत होता आणि साठांतल्या एका झग्याला डोळे पुसत होता.

ताजबीने उपडा फोटो पुन्हा सुलटा केला.

"मिरीचं कालवण कोणी पाजलं? यातली कोण?"

जहांआराने बोट दाखवलं. "धिस वन, दादी. क्रॉसवाली. नाव मागे लिहिलंय."

ताजबी त्या बाईकडे बघत राहिली. बाई चांगली उंचीपुरी होती, गालभर हसत होती. बर्फात तिचे उघडे पाय पक्के रोवलेले होते. मग ताजबीच्या कपाळाला आठी पडली.

"जहूर."

"जी, अम्मा."

"हिच्या बाह्या आखूड झाल्यात. मनगट उघडं पडलंय बघ, वितीभर. माप कोणी उतरवलं होतं?"

"मी... यूनुसने पाठवलं तसंच..."

"बाईचा हात वर धरून माप घ्यायचं, खाली सोडून नाही. एवढं काठीसारखं जड धरून उभी राहते ती, बाही वर जाणारच." तिने मागे वळून झग्यांच्या पहिल्या थरावर थाप मारली. "हे बायकांचे चाळीस उसवा. दोन बोटं कापड आत आहे, ते सोडा."

"चाची!" खैरुद्दीन खतीब कळवळला. "अहो पण फुंकर! दरूद पढून फुंकलेले झगे! ते चर्चमध्ये जाणार?"

"मग काय करू? परत ओढून घेऊ? फुंकर मारली ती मारली." ताजबीने त्याच्याकडे पाहिलं. "माझा मुलगा तापाने फणफणला होता, तेव्हा त्या बाईने विचारलं का, तू कोणाचा म्हणून? विचारलं नाही. सांगितलं तरी ऐकलं नाही. मी सहासष्ट वर्षांची, मी विचारत बसू?"

खतीब घड्याळाशेजारी बसला. "माझा रिपोर्ट," तो म्हणाला. "हेडिंगसकट गेलाय."

"दुसरा पाठवा," मैमुनाबी म्हणाली. चष्मा कपाळावर सारून ती फोटो निरखत होती. फोटोच्या अगदी कडेला, बुटांच्या रांगेपाशी, काळ्या कोटातला एक माणूस उभा होता. सगळ्या पांढऱ्यात तेवढाच काळा. "हाच ना यूनुस? कोटाला वरचं बटण नाही. गळा उघडा टाकून बर्फात उभा आहे."

"तेच तर!" खतीब सावरला. "असल्या मुलाला आपण..."

"नमाज पढतो, लोकांचे बूट राखतो, आणि आजारी पडला तर कालवण शेजारीण देते. याला बायको लागते. मी फोटो नेते आणि खैरुन्निसाला दाखवते. सगळं सांगते. हो म्हणाली तर हो, नाही तर नाही."

"आणि माझं घड्याळ?"

"घड्याळ राहू दे इथेच. पट्टी तेवढी काढा."

जणू हुकूम ऐकूनच खोक्यातलं घड्याळ टण्णकन वाजायला लागलं. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. घड्याळाने अकरा ठोके दिले. पंचावन्न रियाल, म्हणजे आपले ऐंशीच्या वर रुपये.

खतीब मंडळी गेली. जाताना खतीबाने कडी काढली आणि जहूरच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "मासिकवाले छापायचं विसरतील, असं वाटतं का रे तुला?"

"इन्शाल्ला," जहूर म्हणाला, आणि या वेळी ते बरोबर होतं.

हलिमा चहा घेऊन आली तेव्हा ताजबी पहिल्या झग्याची बाही उसवत होती. हलिमा समोर बसली. तिने चहा पुढे सरकवला. ताजबीने वर न बघता सुई तिच्यापुढे धरली.

"दोरा ओव. आणि कागद आण. पत्र लिहायचंय."

हलिमाने दोरा ओवला, कागद आणला, पेन्सिलीला टोक केलं. ताजबी शिवत राहिली. चार टाके झाले, पाच झाले.

"काय लिहू, अम्मा?"

"लिही. बेटा यूनुस, दुआ."

हलिमाने लिहिलं. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून 'बेटा' जरा वाकडा झाला.

"लिही, त्या बाईला माझा सलाम सांग. बाह्या सोडल्या आहेत म्हणावं. बर्फात पायांत काहीतरी घालत जा म्हणावं, खुदा रागावणार नाही." ताजबी थांबली. हातातली बाही तिने मांडीवर पसरली, सुरकुती काढली, पुन्हा पसरली. "माझ्याकडे त्याचं माप आहे ते एकोणीस वर्षांचा होता तेव्हाचं. ते आता काय उपयोगाचं?"

"ते लिहू?"

"ते नको. लिही, साठ जणांची मापं पाठवलीस. आता तुझं पाठव."